पस्तीस हजार फुटांवरचा ‘हॅलो’

विमानाचे दार बंद झाले, हवाईसुंदरीने पट्टे आवळायला सांगितले, तरी माझ्या पुढच्या रांगेतले गृहस्थ फोनवर बोलतच होते. मोरबीहून निघालेले टाइल्सचे तीन कंटेनर मुंद्रा बंदरात अडकले होते. हे मला कसे कळले? मलाच काय, पंधराव्या रांगेपासून बाविसाव्या रांगेपर्यंत सगळ्यांनाच कळले होते. कोण कुणाचे किती देणे लागतो, कुणाचा चुलतभाऊ दिलेला शब्द पाळत नाही, हेही कळले होते. हवाईसुंदरी दुसऱ्यांदा येऊन शेजारी उभी राहिली, तेव्हा कुठे “उतरल्यावर बोलतो” म्हणत त्यांनी फोन खिशात टाकला. आणि काय सांगू, कानांवरचे ओझेच उतरले!

वाचकहो, विमानप्रवासातला मला सर्वांत आवडणारा क्षण हाच. माझी मुलगी शारजात असते. गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबई-दुबई अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या. विमानातले जेवण बेताचेच असते, पाय पसरायला जागा नसते, शेजारी घोरणारा भेटतो. पण ते तीन तास कुणी आपल्याला हाक मारू शकत नाही. दूधवाल्याचा हिशेब नाही, गॅसवाल्याचा निरोप नाही, नात्यातल्या भांडणांत कुणाची बाजू घ्यायची नाही. घरच्या बाईला असे तीन तास जमिनीवर कुठे मिळतात?

मी नेहमी उजव्या हाताची खिडकी मागून घेते. मुंबईहून विमान पश्चिमेकडे झेपावले, की त्या बाजूला जुहूचा छोटासा विमानतळ दिसतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे याच जुहूला उतरले होते. एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान, आणि त्यात टपालाच्या थैल्या. आपल्या देशातली विमानसेवा सुरू झाली ती माणसे नेण्यासाठी नव्हे, पत्रे नेण्यासाठी. निरोप लवकर पोचावा म्हणून विमान आले. गंमत अशी, की पुढे कितीतरी वर्षे विमानात बसलेल्या माणसाला मात्र कुणाचा निरोप पोचत नसे. तो वर गेला की गेला, उतरेपर्यंत जगाशी संबंध तुटला.

जुहू मागे पडले, वर्सोव्याच्या होड्या ठिपक्यांएवढ्या झाल्या आणि खाली नुसते निळे पाणी उरले. मी पुस्तक उघडले. वीसेक मिनिटे झाली असतील. ध्वनिवर्धकावरून सूचना आली, की विमानात आता इंटरनेटची सोय सुरू झाली आहे. मेसेज पाठवा, बातम्या वाचा, मात्र इतरांना त्रास नको म्हणून कृपया फोनवर बोलू नका.

सूचना संपायच्या आत पुढच्या रांगेतून आवाज आला, “हां, हॅलो! आता बोल!”

विमानात इंजिनांचा आवाज ऐंशी डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे भर रहदारीच्या रस्त्याइतका. त्यावर आवाज चढवल्याशिवाय बोलताच येत नाही. गृहस्थांनी तो चढवला. “नाही, नाही, पांढरा नको, बेज! बेज सांगितलं होतं ना मी!” मग शांतता. मग “त्याला सांग, असं कसं म्हणतो तो?” पुन्हा शांतता. तो कसे म्हणत होता ते आम्हांला कळेना, आणि कळत नसल्यामुळे पुस्तकात लक्ष लागेना. हा काही माझा एकटीचा दुबळेपणा नव्हे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली यावर प्रयोग केले होते. दोन माणसांचे पूर्ण बोलणे कानावर पडले, तर आपले काम फारसे बिघडत नाही. पण एकाचेच बोलणे ऐकू आले, की मन उरलेला अर्धा भाग भरून काढत बसते आणि हातातले काम चुकते. शेजारणी-शेजारणी गप्पा मारत असताना आपण निवांत झोपतो आणि फोनवर कुणी हळू बोलले तरी जागे होतो, ते यामुळेच.

दहा मिनिटे मी सोसले. मग डोक्यावरचे बटण दाबले. हवाईसुंदरी आली. मी म्हटले, “बाई, बोलायचे नाही असे तुम्हीच सांगितलेत ना? मग नियम सगळ्यांना सारखाच हवा.” ती बिचारी त्यांच्याकडे गेली. त्यांनी हातानेच ‘एक मिनिट’ असे दाखवले आणि ते मिनिट चांगले सात मिनिटे चालले. तिला पुन्हा यावे लागले, मग तिच्या वरिष्ठाला यावे लागले. शेवटी फोन बंद झाला. गृहस्थांनी मागे वळून माझ्याकडे जे पाहिले ते मी अजून विसरलेले नाही.

दुबईला सामानाच्या पट्ट्याजवळ ते पुन्हा भेटले. मी नजर चुकवत होते, तर तेच जवळ आले. म्हणाले, “ताई, तुम्हांला त्रास झाला, पण आज संध्याकाळपर्यंत माल उचलायचा की परत पाठवायचा हे सांगितलं नसतं, तर बंदराचं भाडं दिवसागणिक माझ्या डोक्यावर चढलं असतं.” मला काय बोलावे ते सुचेना. मनात म्हटले, हेच सगळे मेसेज लिहूनही सांगता आले असते की! पण माणूस वाईट नव्हता. त्याने माझी जड बॅग पट्ट्यावरून उतरवून दिली.

शारजात पोचल्यावर हे रामायण जावईबापूंना सांगितले. ते मोबाइल कंपनीत टॉवर उभारण्याच्या कामावर आहेत. ते हसत सुटले. म्हणाले, “आई, तुम्हांला काय वाटतं, फोनमुळे विमान पडेल म्हणून बंदी होती?” मला खरेच तसे वाटत होते. वैमानिकाच्या यंत्रांत खरखर होऊ नये ही काळजी असतेच, आणि म्हणूनच उड्डाण करताना आणि उतरताना नियम कडक असतात. पण अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९१ साली आकाशात मोबाइल वापरायला मनाई केली ती मुख्यतः जमिनीवरच्या फोनव्यवस्थेच्या काळजीने. खाली रस्त्यावर आपला फोन जवळच्या एका टॉवरशी बोलतो. तोच फोन उंचावर नेला, की त्याला एकाच वेळी कितीतरी टॉवर दिसतात आणि विमानाच्या वेगाबरोबर ते भराभर बदलतात. त्याने सगळ्या यंत्रणेचा गोंधळ उडतो. शिवाय टॉवर सापडेना, की फोन पूर्ण ताकदीने ओरडत राहतो. जत्रेत हरवलेल्या पोरासारखा.

“मग आता कसं चालतं?” मी विचारले.

आता विमानाच्या पाठीवर एक डिश असते. ती उपग्रहाशी जोडलेली असते, आणि विमानाच्या आत एक छोटा टॉवर किंवा वायफायचे यंत्र असते. आपला फोन त्या जवळच्या यंत्राशी हळू आवाजात बोलतो, जमिनीकडे ओरडत नाही. गंमत म्हणजे मोबाइल फोनवरून विमानातले पहिले अधिकृत संभाषण झाले ते याच दुबईच्या विमानात. २० मार्च २००८ रोजी दुबईहून कासाब्लांकाला निघालेल्या एमिरेट्सच्या विमानातून एका प्रवाशाने फोन केला. त्याच वर्षी युरोपनेही तीन हजार मीटरच्या वर अशा सेवेला वाट मोकळी करून दिली.

पण मोबाइलच्या आधीही विमानात फोन होते, हे मला त्या दिवशीच कळले. अमेरिकेत १९८४ पासून ‘एअरफोन’ नावाची सेवा होती. पुढच्या आसनाच्या पाठीत फोन बसवलेला, क्रेडिट कार्ड सरकवायचे आणि बोलायचे. इतका महाग, की लोक नवलाई म्हणून एकदा लावत आणि मग त्याच्या तारेशी पोरे खेळत. पण ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूअर्कहून निघालेले युनायटेडचे ९३ क्रमांकाचे विमान अपहरणकर्त्यांच्या हाती गेले, तेव्हा प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी घरी जे फोन केले, त्यांतले बहुतेक या आसनामागच्या फोनवरून केले होते. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर विमाने आदळल्याची बातमी त्यांना त्या फोनवरूनच कळली. आपले विमानही कुठेतरी आदळवले जाणार, हे त्यांनी ओळखले आणि ते अपहरणकर्त्यांवर धावून गेले. विमान पेनसिल्व्हेनियातल्या एका माळावर कोसळले, ज्याच्यावर नेम होता तिथे ते पोचलेच नाही. २००६ मध्ये ही एअरफोन सेवा प्रवासी विमानांतून बंद झाली. तोवर ती कुणी फारशी वापरत नव्हते.

हे ऐकून मी गप्प झाले. बटण दाबून फोन बंद करायला लावणारी मी, आणि ते लोक!

जावयांनी पुढचेही सांगितले. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या त्याच आयोगाने ही जुनी बंदी उठवण्याचा प्रस्ताव मांडला. तांत्रिक कारण आता उरले नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण लोकांनीच आरडाओरडा केला. ‘यंत्राला त्रास होत नसेल, आम्हांला होतो’ असा एकूण सूर होता. हवाई कर्मचाऱ्यांच्या संघटना तर कडाडून विरोधात उतरल्या, कारण भांडणे लागली की सोडवायला त्यांनाच जावे लागणार. २०१८ मध्ये तिथल्या संसदेने विमानात बोलण्यावर बंदी घालणारा नियम करा, असा कायदाच केला आणि २०२० मध्ये आयोगाने आपला प्रस्ताव गुंडाळून ठेवला. ज्या देशात सगळे काही बाजारावर सोडायचे असते, त्या देशात हे घडले!

आपल्याकडे उलटी तऱ्हा. फोन ‘फ्लाइट मोड’वर ठेवून विमानात वापरायला आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने परवानगी दिली तीच मुळी २०१४ च्या एप्रिलमध्ये. पण २०१८ च्या जानेवारीत ‘ट्राय’ने शिफारस केली ती इंटरनेट आणि बोलणे या दोन्हींची. डिसेंबरात नियमही झाले. त्याआधी परदेशी विमान भारताच्या हद्दीत शिरले, की त्यातली ही सेवा बंद करावी लागे. म्हणजे अरबी समुद्रावर सुरू असलेले इंटरनेट मुंबई जवळ आली की गुडूप! २०२० मध्ये वैमानिकाच्या परवानगीने वायफाय वापरण्याची वाट खुली झाली. १ जानेवारी २०२५ ला एअर इंडियाने काही विमानांत देशांतर्गत प्रवासातही वायफाय सुरू केल्याचे जाहीर केले. त्याच्या दीड महिना आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, आपला ४७०० किलोचा ‘जीसॅट-एन२’ उपग्रह अमेरिकेतून आकाशात गेला. विमानांत इंटरनेट पुरवणे हेही त्याचे एक काम. म्हणजे सोय तर येणारच. प्रश्न उरतो तो एवढाच, की तिचा वापर आपण कसा करणार?

आणि आपली कीर्ती तर सर्वांना ठाऊक आहे. रेल्वेला २०२२ च्या जानेवारीत सांगावे लागले, की रात्री दहानंतर डब्यात मोठ्याने फोनवर बोलू नका, गाणी वाजवू नका. मुंबईच्या ‘बेस्ट’ला एप्रिल २०२३ मध्ये फर्मान काढावे लागले, की बसमध्ये मोबाइलवर काही ऐकायचे तर कानात बोंडे घालून ऐका. बसमधून निदान पुढच्या थांब्यावर उतरता येते. विमानातून कुठे उतरणार?

तीन आठवडे कसे गेले ते कळले नाही. नातीबरोबर खाडीवर गेले, एक दिरहम देऊन लाकडी होडीतून देऱ्याहून बर दुबईला गेले. त्या होडीत मला एक गोष्ट दिसली, ती सांगायलाच हवी. कामावरून परतणारी आपल्याकडची पोरे बाकांवर बसलेली असत आणि प्रत्येक जण फोन तोंडाजवळ आडवा धरून त्यात हळू आवाजात काहीतरी बोलत असे. बोलायचे, बोट उचलायचे, पाठवायचे. मी मुलीला विचारले, की ही मंडळी फोन का लावत नाहीत? ती म्हणाली, “आई, व्हॉट्सअॅपवरून थेट बोलण्यावर इथे कितीतरी वर्षं निर्बंध आहेत. साधा फोन महाग पडतो. म्हणून ही मुलं आवाज टिपून पाठवतात. घरची माणसं सवडीनं ऐकतात आणि तसंच उत्तर पाठवतात.” होडीभर माणसे आपापल्या घरी बोलत होती आणि तरी होडीत इंजिनाच्या फटफटीशिवाय आवाज नव्हता.

परतीचे विमान रात्री साडेदहाचे होते. तीच विमान कंपनी, तशीच निळसर दिव्यांची पोकळी. माझ्या शेजारी पंचविशीतला एक मुलगा येऊन बसला. हातात फक्त एक सॅक. आखाती देशातून गावी जाणारा माणूस एवढ्या कमी सामानानिशी कधी पाहिला आहे का तुम्ही? तेव्हाच मला शंका आली. विमान वर गेले, खाली दुबईचे दिवे सोन्याच्या साखळ्यांसारखे पसरले, मग वाळवंटाचा काळोख आला, मग ओमानच्या किनाऱ्याचे तुरळक दिवे. तो काही पाहत नव्हता. फोनच्या काळ्या पडद्याकडे पाहत होता.

“काकू,” तो एकदम म्हणाला, “हे वायफाय कसं लावायचं, तुम्हांला माहीत आहे का?”

माझे मराठी वर्तमानपत्र पाहून त्याने ओळखले असावे. मला येत होते तेवढे मी करून दिले. फुकट मिळत होते त्यात फक्त अक्षरे जात-येत होती. त्याने टाइप केले, उत्तर आले, पुन्हा टाइप केले. हळूहळू त्यानेच सांगितले. गुहागर तालुक्यातले गाव, शारजात एसी दुरुस्तीचे काम. वडिलांना आदल्या दिवशी अर्धांगवायूचा मोठा झटका आला होता. चिपळूणला दवाखान्यात ठेवले होते. मालकाने रजा दिली, पण तिकीट मिळेपर्यंत दिवस गेला. मुंबईला पोचायला पहाटेचे तीन वाजणार आणि पुढे गाडीने सहा-सात तास. २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या त्या मुंबई-गोवा रस्त्यावर किती तास लागतील हे कोण सांगणार! बहीण वडिलांच्या उशाशी बसली होती.

तासाभराने त्याचा चेहरा बदलला. फोन माझ्यापुढे धरला. बहिणीने लिहिले होते, की डॉक्टर म्हणतात काही सांगता येत नाही, बाबांना ऐकू येतंय असं वाटतं, तू त्यांच्याशी बोल. लगेच फोन थरथरला. बहीण फोन लावत होती, पण तो लागत नव्हता. त्याने मान वर करून हवाईसुंदरीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “काकू, बोलायला परवानगी नाही ना?”

तीन आठवड्यांपूर्वी नियम सगळ्यांना सारखाच हवा असे ऐटीत सांगणारी मीच होते. मी पुन्हा डोक्यावरचे बटण दाबले.

आलेली मुलगी केरळकडची असावी. मी मोडक्या इंग्रजीत सगळे सांगितले. तिने मुलाकडे पाहिले. म्हणाली, बोलण्याची सेवाच इथे बंद ठेवलेली आहे, माझ्या हातात नाही. माझे तोंड उतरले. पण ती गेली नाही. क्षणभर विचार करून म्हणाली, “आवाज टिपून पाठवता येईल. मात्र त्याला पैसे भरून पूर्ण इंटरनेट घ्यावं लागेल.” त्याच्याकडे चालेल असे कार्ड नव्हते. मुलीने प्रवासासाठी दिलेले कार्ड माझ्याजवळ होते. तासाभराचे पैसे मी भरले. मग तो फोन तोंडाशी धरून बसला, आणि त्याच्याने बोलवेना. मागे-पुढे माणसे झोपलेली, पलीकडच्या आसनावरचा माणूस उगाचच डोळे उघडून पाहत होता. आपल्या बापाशी शेवटचे होऊ शकेल असे बोलणे दोनशे परक्या माणसांत बसून कसे बोलायचे?

हवाईसुंदरी हे पाहत होती. तिने त्याला खूण केली आणि शेपटीकडच्या त्यांच्या स्वयंपाकाच्या जागेत नेले. तिथे जेवणाच्या ढकलगाड्या आणि गरम करायच्या भट्ट्या असतात. तिने पडदा ओढून घेतला आणि स्वतः बाहेर उभी राहिली.

मला एकदम आमच्या पेठेतले एसटीडी बूथ आठवले. पिवळी पाटी, आत फिरणारा तांबडा आकडा, आणि मुख्य म्हणजे ते काचेचे दार. रात्री दर कमी होत म्हणून दहानंतर रांग लागायची. आत कुणी रडत असे, कुणी भांडत असे, बाहेर उभ्या असलेल्यांना तोंडाची हालचाल तेवढी दिसे. दुकानदाराने ते दार काही माणुसकी म्हणून केले नव्हते, गोंगाटात फोन ऐकू येत नसे म्हणून केले होते. पण त्या दाराने आतल्याची लाज राखली आणि बाहेरच्यांचे कान वाचवले. मोबाइल आला आणि ते दार गेले. फोन खिशात आला, दार कुणाच्याच खिशात आले नाही. जपानच्या वेगवान गाड्यांत अजून प्रवाशांना सांगतात, की फोन आला तर दोन डब्यांच्या मधल्या जागेत जाऊन बोला. तेही दारच की.

म्हणून म्हणते, माझे मत त्या रात्री फिरले, पण पुरते उलटले नाही. आसनावर बसून मनसोक्त बोलण्याची मोकळीक कुठल्याही विमानाने देऊ नये, या मताला मी आजही चिकटून आहे. टाइल्सवाल्या गृहस्थांचे काम लिहून भागले असते. मेसेज मात्र सगळ्यांना फुकट असावेत. तिकिटात जेवणाचे पैसे घेता, मग निरोपाचे कशाला वेगळे? आणि मागच्या पडद्याआड एक फोन असावा, कर्मचाऱ्यांना विचारून वापरायचा, पाच मिनिटे, अडीअडचणीला. पाण्याची बाटली मागितल्यावर देतात, तसाच. त्याचा गैरवापर होईल, ‘माझे काम फार तातडीचे आहे’ म्हणून रांग लागेल, हे मला कळते. पण कोणाची निकड खरी आणि कोणाची नाही, हे त्या केरळच्या पोरीला एका नजरेत कळले होते. तिच्यावर तेवढा विश्वास टाकायला काय हरकत आहे?

एक शंका मात्र माझ्या मनातून गेलेली नाही. त्या मुलाला समुद्रावर असताना वाईट बातमी आली असती तर? जमिनीवर माणूस बाहेर धावतो, रिक्षा पकडतो, कुणाच्या तरी गळ्यात पडतो. इथे पट्टा बांधून बसायचे. उतरेपर्यंत न कळणे हीदेखील पूर्वी एक प्रकारची दया होती. मी त्याला तसे विचारले नाही, विचारण्यासारखे नव्हतेच.

तो दहा मिनिटांनी आला. काय बोलला ते मला कळले नाही आणि मी विचारले नाही. थोड्या वेळाने फोनवरच्या दोन खुणा निळ्या झाल्या. मग बहिणीचे लिहून आले, की ऐकवलं, दोनदा ऐकवलं, बाबांनी बोटं हलवली. हे त्याने मला वाचून दाखवले. त्यानंतर विमान उतरू लागले आणि इंटरनेट बंद झाले. ठाण्याच्या खाडीवरून वळसा घेऊन आम्ही घाटकोपरच्या पत्र्यांवरून खाली आलो. चाके टेकली मात्र, आणि विमानभर नेहमीचा कल्लोळ सुरू झाला. “हां, उतरलो, उतरलो.” “गाडी आणलीस का?” “नाही, जेवलो नाही.” तो मुलगा फोन मुठीत धरून बसला होता. चालू करत नव्हता. दार उघडल्यावर “काकू, येतो” म्हणाला आणि गर्दीत पुढे निघून गेला. त्याआधी त्याने पैसे परत करायचे म्हणून माझा नंबर मात्र लिहून घेतला होता.

तीन आठवड्यांनी दुपारी फोन आला. नंबर अनोळखी, आवाज ओळखीचा. वडील आणखी चार दिवस होते. बोलता येत नव्हते, पण याने हात धरला की दाबत. तेरावे झाले होते, पुढच्या आठवड्यात पुन्हा शारजाला जायचे होते. पैसे कसे पाठवू म्हणून विचारत होता. मी नको म्हणत होते, आणि तो इतक्या मोठ्याने बोलत होता, की मला फोन कानापासून वीतभर दूर धरावा लागला.

“अरे, एवढा ओरडतोस कशाला?” मी म्हटले.

“काकू, आमच्या गावात रेंज नाही हो! सड्यावर चढून आलोय, वारा आहे नुसता. ऐकू येतंय ना?”